नागपूरच्या अधिवेशनाचे आक्रसलेले दिवस

2025 चे हिवाळी अधिवेशन नागपुरात 8 डिसेंबरला सुरू झाले आणि 14 ला गुंडाळले गेले. आधी ते 19 पर्यंत चालवायचे ठरले होते. मग स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका मध्ये आल्या, दिवस कापले गेले आणि भरपाई म्हणून शनिवार-रविवारीही सभागृह बसले. एवढ्या अवधीत 75,286 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मार्गी लागल्या. दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी होती. नागपूरकरांना याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. मोर्चे आले, बंदोबस्त लागला, सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांना दरवर्षीप्रमाणे रंग मिळाला आणि आठवड्याभरात सरकार विमानात बसले.

या अधिवेशनाचे मूळ 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात आहे. विदर्भाने मराठी राज्यात यावे म्हणून यशवंतराव चव्हाणांपासून रा. कृ. पाटलांपर्यंत अनेकांनी त्यावर सह्या केल्या. दरवर्षी ठराविक काळासाठी सरकारने नागपुरात मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे घ्यावे, असे त्यात ठरले. 1955 मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, पण ती मान्य झाली नाही. मध्य प्रांताची राजधानी असलेले शहर 1956 नंतर राजधानी उरले नाही आणि करारातले हे कलम विदर्भाच्या पदरात पडले. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नागपुरात पहिले अधिवेशन भरले. कराराने एक अधिवेशन मागितले, पण ते किती दिवसांचे हे लिहिले नाही. पुढे सगळी पळवाट याच फटीतून निघाली.

राज्यघटनाही इथे फारशी मदत करत नाही. कलम 174 एवढेच सांगते की एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली यांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको. बोलावण्याची सही राज्यपालांची, पण ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. किती दिवस बसायचे हे कामकाज सल्लागार समितीत ठरते आणि तिथे बहुमत सरकार पक्षाचेच असते. 2002 मध्ये न्या. व्यंकटचलय्या आयोगाने सुचवले होते की सत्तरहून अधिक सदस्य असलेल्या सभागृहांनी वर्षाला किमान 90 दिवस बसावे. महाराष्ट्राची विधानसभा 288 जणांची आहे. नव्वदचा आकडा आपल्याकडे भाषणात येतो, वेळापत्रकात येत नाही.

पूर्वी नागपूरचे अधिवेशन आठवड्यांच्या हिशेबात चालत असे. मंत्री रविभवनात, मुख्यमंत्री रामगिरीवर, आमदार आमदार निवासात आणि मुंबईहून आलेले कर्मचारी 160 गाळ्यांत. सरकार खरोखर मुक्कामाला आहे, असे गावाला जाणवे. म्हणूनच मोर्चे इथे येत, आजही येतात. 23 नोव्हेंबर 1994 ला अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी घेऊन गोवारी समाज विधानभवनाकडे निघाला. चेंगराचेंगरीत 114 जण गेले, त्यांत बायका-मुलेच जास्त. झिरो माईलजवळच्या स्मारकापाशी दर 23 नोव्हेंबरला माणसे जमतात. सरकार दारात आले आहे, निदान निवेदन तरी घेईल, या एका आशेवर ते गोवारी गावोगावहून आले होते. अधिवेशन लहान केले की ही आशाही तेवढीच लहान होते, हे मुंबईत बसून लक्षात येत नाही.

2018 मध्ये वेगळाच प्रयोग झाला. 1971 नंतर प्रथमच पावसाळी अधिवेशन नागपुरात आले, हिवाळी मुंबईला गेले. विदर्भाला जुलैत अधिवेशन म्हणजे पेरणीच्या ऐन दिवसांत सरकार जवळ, असा त्यामागचा चांगला अर्थ लावता आला असता. पण 6 जुलैला पाऊस असा कोसळला की विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरले. दिवे गेले आणि त्या दिवसाचे कामकाज तहकूब करावे लागले. विरोधकांनी सरकारची यथेच्छ टिंगल केली. प्रयोग पुन्हा कोणी केला नाही. दोष पावसाचा होता की नाल्यांचा, याची चर्चा मात्र नागपूर महापालिकेपर्यंत येऊन थांबली.

मग कोरोना आला आणि लहान अधिवेशनाची सवय लागली. मार्च 2020 चे अर्थसंकल्पी अधिवेशन आधीच आटोपले, सप्टेंबरातले पावसाळी दोन दिवसांचे, डिसेंबरातले हिवाळी दोन दिवसांचे आणि तेही मुंबईत. तेव्हा ते समजण्यासारखे होते. पण जुलै 2021 मध्येही दोनच दिवस मिळाले आणि त्यातल्या पहिल्याच दिवशी भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निलंबन रद्द केले. चालू अधिवेशन संपले की शिक्षाही संपली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे वर्षभराची शिक्षा प्रत्यक्षात 6 जुलैलाच संपायला हवी होती. 2021 चे हिवाळी अधिवेशनही मुख्यमंत्र्यांच्या शस्त्रक्रियेमुळे मुंबईतच झाले. बदल्यात अर्थसंकल्पी अधिवेशन नागपुरात घेऊ, असे जाहीर झाले. ते मार्च 2022 मध्ये मुंबईत भरले.

मला 2024 चे अधिवेशन सगळ्यांत बोलके वाटते. 15 डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात 39 मंत्र्यांनी शपथ घेतली, 16 ला अधिवेशन सुरू झाले, 21 ला संपले. खातेवाटप झाले ते 21 च्या रात्री. म्हणजे सहाही दिवस मंत्री होते, पण कोणाकडे कोणते खाते हे ठरलेलेच नव्हते. बीडमधील सरपंचाचा खून आणि परभणीतील हिंसाचार हे विषय गाजले, मुख्यमंत्र्यांनी उत्तरही दिले. पण यवतमाळच्या आमदाराने कापसाच्या खरेदीबद्दल लक्षवेधी आणली, तर पुढच्या अधिवेशनात जाब कोणाला विचारायचा, हे त्याला तेव्हा कसे कळणार? सहा दिवसांतला पहिला शोकप्रस्तावात आणि पुरवणी मागण्या मांडण्यात जातो, शेवटचा दिवस विरोधकांच्या ‘अंतिम आठवडा प्रस्तावा’च्या उत्तरात. उरलेल्या चारांत विधेयके एकामागून एक निघतात. त्यात नियम 293 ची, म्हणजे सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची, चर्चा रात्री उशिरा रिकाम्या बाकांपुढे होते.

सत्ता बदलली तरी यात फरक पडला नाही, हे नोंदवायला हवे. 2019 मध्ये महाविकास आघाडीचे पहिले हिवाळी अधिवेशनही 16 ते 21 डिसेंबरच होते. दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा शेवटच्या दिवशी झाली, म्हणजे त्यावर सभागृहात नीट चर्चा होण्याचा प्रश्नच नव्हता. जो विरोधात असतो तो तीन आठवड्यांचे अधिवेशन मागतो, आणि खुर्ची मिळाली की तोच सहा दिवसांत आटोपतो.

जानेवारी 2021 मध्ये नागपूर विधानभवनात विधिमंडळ सचिवालयाचा कायमचा कक्ष सुरू झाला. चांगले झाले, पण कक्षाने दिवस वाढत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला तिन्ही अधिवेशनांच्या तारखा आणि बैठकांची किमान संख्या जाहीर करणारा कायदा हवा, आणि त्यात नागपूरसाठी तीन आठवडे लिहून हवेत. हा कायदा आणायला पैसे लागत नाहीत. विदर्भातल्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, पुढच्या अधिवेशनात यावर अशासकीय विधेयक मांडावे. अशा विधेयकांसाठी राखलेला शुक्रवार मिळेल इतके दिवस ते अधिवेशन चालले, तर.