शनिवारी तीनच्या आत

गोथेनबर्गमध्ये शनिवारी दुपारी दोननंतर जी लगबग दिसते, ती बरीचशी एकाच दुकानाकडे निघालेली असते. सिस्टेमबोलागेट हे स्वीडनचं सरकारी मद्यदुकान. शनिवारी ते बहुतेक ठिकाणी तीनला बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही. किराणा दुकानात साडेतीन टक्क्यांपर्यंतची बिअर मिळते. त्याहून कडक काही हवं असेल तर बारमध्ये बसा, नाहीतर इथे रांगेत उभे राहा.

आम्ही डोंगरीचे. भाईंदरहून उत्तनची बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकून लागतं ते ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांचं गाव. तिथे चुलत बहिणीचं लग्न होतं आणि आम्हाला सुट्टी नव्हती. निदान खिमड तरी इथे करू, असं ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड वाजवत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात, तेव्हा हे गरम, मसालेदार पेय छोट्या कपांतून फिरतं.

दुकानात शिरलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती शांतता. ‘एकावर एक’ नाही, सवलतीच्या पाट्या नाहीत, बिअरसुद्धा थंड ठेवलेली नाही. घ्या आणि तिथेच उघडा, असा मोह कुणाला होऊ नये म्हणून सगळा बेत. पण नोकरवर्ग जाणकार. मला उकळत्या मसाल्यात घालायला बिनवासाची दारू हवी आहे म्हटल्यावर त्या बाईंनी शेपू आणि कॅरवे घातलेल्या अॅक्वाविटच्या कप्प्यासमोरून मला सरळ पुढे नेलं आणि साध्या व्होडकाशी उभं केलं. महागातली बाटली गळ्यात मारायचा प्रयत्नही केला नाही. आमचे चिरंजीव बाहेरच थांबले होते. अठराव्या वर्षी बारमध्ये बिअर चालते, इथे मात्र विसाव्याशिवाय काही मिळत नाही, आणि लहान माणसासाठी घेताय असा संशय आला तर मोठ्यालाही नकार मिळतो.

आपल्याकडचे लोक हे ऐकून हसतात. हसण्याआधी आपलं पाहावं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही महाराष्ट्रात लागू आहे. कडक दारूसाठी वय पंचवीस लागतं, शिवाय परवाना, तोही एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. तो खिशात ठेवून पिणारे किती भेटतात, ते ज्याचं त्याने आठवावं. स्वीडनमध्येही पासबुकं होती. दर खरेदीला त्यांत नोंद व्हायची आणि लग्न झालेल्या बाईला सहसा वेगळं पुस्तक मिळत नसे. 1922 च्या सार्वमतात पूर्ण दारूबंदी अगदी थोडक्यात हुकली. 1955 मध्ये पासबुकं रद्द झाली आणि त्याच वर्षी हे देशव्यापी दुकान आलं. कागद गेला, घड्याळ राहिलं. पाळलं जातं ते घड्याळच.

आता चूल. जाड बुडाच्या पातेल्यात साखर कोरडीच जाळायची. सोनेरी झाली की नवखा माणूस थांबतो. थांबायचं नाही, गडद तपकिरी होऊन कडवट धूर निघू लागेपर्यंत धीर धरायचा. मग बाजूला सरकून, हात लांब ठेवून पाणी ओतायचं, कारण ते उसळतं. त्यात दालचिनी, लवंग, वेलची, किसलेलं जायफळ आणि गवती चहा. गवती चहा इथल्या थाई दुकानात मिळतो, वास निम्मा. पाणी निम्म्याहून थोडं वर राहीपर्यंत आटवायचं. दारू पडते ती पातेलं खाली उतरवल्यावरच, आणि लगेच झाकण. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं. आचेवर राहिलं तर नशा छताला जाते आणि वाफेने पेट घ्यायची भीती वेगळीच. गावच्या मावशींनी हे अंश कधी मोजले नाहीत, पण पातेलं उतरवल्याशिवाय बाटलीला हात लावला नाही.

शेजारचे स्वीडिश काका एक घोट घेऊन म्हणाले, ही तर ग्लॉग! खोटं नाही. ख्रिसमसआधी ते लोक रेड वाइन याच दालचिनी-लवंग-वेलचीत गरम करतात आणि कपात बेदाणे, बदाम टाकतात. ग्लॉग मात्र तयार बाटलीत मिळते. खिमड अजून घरातच होतं. माझं मत विचाराल तर व्होडकाचं खिमड फार सभ्य लागतं. गावठीचा उग्र वास समोर नसला की मसाला एकटा पडतो.

एक गंमत राहिली. नाताळसाठी आमच्याकडे बरणीत काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू आणि यीस्ट घालून एकवीस दिवस रोज लाकडी चमच्याने ढवळत वाइन मुरवतात. आपल्या कायद्याला त्यासाठी परवाना हवा. एवढ्या कडक स्वीडनमध्ये घरापुरती वाइन बिनधास्त करता येते. विकायची नाही आणि दारू गाळायची नाही, एवढंच.

डोंगरीहून इकडे येणाऱ्यांना एवढंच सांगणं: वय वीस पूर्ण असेल तर माणशी एक लिटर कडक दारू कर न भरता आणता येते. चांगली, सीलबंद आणा, आणि शक्यतो शनिवारी दुपारी तीननंतर उतरू नका.