दार घासतंय? आधी बिजागरी पाहा

गेल्या पावसाळ्यात आमच्या नगरच्या घरी अम्मी पहाटे वुजू करायला गेल्या आणि न्हाणीघरात अडकल्या. दार घासून जाम बसलं होतं. कडी धरून वर उचलत ढकललं, तेव्हा कुठे उघडलं. "सुतार बोलवा, रंधा मारून घ्या," असं सगळ्यांचं मत. मी नको म्हटलं. पावसात फुगलेलं लाकूड हिवाळ्यात आक्रसतं. मग तासलेल्या दाराला फट राहते.

उचलल्यावर दार सुटतं, म्हणजे दोष बहुधा वरच्या बिजागरीत. दाराचा ओढा तिच्यावरच जास्त. दाराखाली पाचर सारून भार घेतला आणि स्क्रू काढले. भोकं सैल झाली होती. आगपेटीच्या काड्यांचं गूल तोडून, पाण्यात टिकणाऱ्या लाकडाच्या गोंदात बुडवून त्या भोकांत ठोकल्या, वरची टोकं कापली. रात्रभर दार पाचरीवरच. सकाळी तेच स्क्रू घट्ट बसले. चौकट कुजलेली असेल तर मात्र सुतारच हवा.

कुरकुरीसाठी खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. खोबरेल नको, थंडीत गोठतं.

अम्मी अजूनही कडी लावत नाहीत, दार नुसतं लोटून घेतात.