मिसळणाचा डबा, फडताळ आणि माळा: संगणकावर प्रोग्राम कुठून उघडावेत?

स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा शेगडीच्या हाताशी असतो. मोहरी, हळद, तिखट, हिंग यांच्या वाट्यांच्या जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे फोडणी देताना हात न बघता बरोबर वाटीत जातो. डाळी आणि रवा फडताळात असतात. लागले की दार उघडून डबा काढायचा. चकलीचा सोऱ्या मात्र माळ्यावर असतो. तो दिवाळीला स्टुलावर चढून काढावा लागतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. जी वस्तू जितक्या वेळा लागते, तितकी ती हाताजवळ असावी, हा नियम प्रत्येक घर आपसूक पाळतं.

संगणकावर मात्र आपण हा नियम विसरतो. रोज लागणारं एक्सेल आणि नवा प्रिंटर जोडताना एकदाच लागलेला प्रोग्राम डेस्कटॉपवर शेजारी शेजारी पडून असतात. मग एक्सेल उघडायचं तर समोरच्या खिडक्या खाली करायच्या, चाळीस चिन्हांमधून हिरवं चिन्ह शोधायचं आणि त्यावर दोनदा क्लिक करायचं. वेळ पाच-सहा सेकंदच जातो, पण तेवढ्यात डोक्यातला आकडा निसटतो. हे टाळण्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये सगळ्या सोयी आहेत, फक्त कोणती सोय कशासाठी वापरायची ते ठरवावं लागतं. पुढचं वर्णन विंडोज ११ चं आहे, पण विंडोज १० मध्येही बहुतेक गोष्टी अशाच चालतात.

आधी यादी करा

दोन दिवस कागद जवळ ठेवा आणि जो प्रोग्राम उघडाल त्याच्या नावापुढे एक रेघ मारा. दुकानाचे हिशेब ठेवणाऱ्याच्या कागदावर टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप यांच्यापुढे रेघा साठतील. शिक्षकाच्या कागदावर वर्ड, पॉवरपॉइंट आणि पीडीएफ वाचायचा प्रोग्राम दिसेल. बहुतेकांच्या लक्षात येईल की रोजचं काम पाच-सात प्रोग्रामांत भागतं. हे झाले डब्यातले. आठवड्यातून एखाद्या वेळी लागणारे फडताळातले आणि उरलेले माळ्यावरचे.

रोजचे प्रोग्राम टास्कबारवर

स्क्रीनच्या तळाशी असलेली पट्टी म्हणजे टास्कबार. हाच आपला मिसळणाचा डबा. कितीही खिडक्या उघड्या असल्या तरी तो सहसा झाकला जात नाही, आणि डेस्कटॉपपेक्षा तो सोयीचा ठरतो तो याच कारणाने. प्रोग्राम एकदा उघडा, टास्कबारवर दिसणाऱ्या त्याच्या चिन्हावर उजवं क्लिक करा आणि ‘पिन टू टास्कबार’ निवडा. आता प्रोग्राम बंद केला तरी चिन्ह तिथेच राहील. चिन्हं माउसने ओढून हव्या त्या क्रमाने लावता येतात.

क्रमाला महत्त्व आहे, कारण टास्कबारवरच्या चिन्हांना डावीकडून अनुक्रमांक असतात. ते दिसत नाहीत, पण कीबोर्डला ठाऊक असतात. विंडोज की दाबून ठेवून १ दाबलं की पहिला प्रोग्राम उघडतो, २ दाबलं की दुसरा. दहाव्यासाठी शून्य. स्टार्ट आणि सर्च यांची चिन्हं या मोजणीत धरली जात नाहीत. प्रोग्राम आधीच उघडा असेल तर त्याच दोन की तुम्हाला त्याच्या खिडकीत नेतात. त्याच प्रोग्रामची आणखी एक खिडकी हवी असेल तर सोबत शिफ्टही दाबा. ‘टॅली एक, एक्सेल दोन, ब्राउझर तीन’ एवढं बोटांना पाठ झालं की दिवसातली कितीतरी शोधाशोध थांबते.

ठरलेली जागा हलू देऊ नका

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालींचा एक नियम मांडला. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. संगणकाचे पडदे आखणारे आजही हा नियम वापरतात. त्यातूनच स्क्रीनच्या कोपऱ्याचं मोल कळतं. माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण कोपऱ्यापलीकडे जात नाही, म्हणून कोपऱ्यातलं बटण नेम न धरताही सापडतं.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आलं, तेव्हा स्टार्टचं बटण डाव्या खालच्या कोपऱ्यात होतं. पुढे सतरा वर्षं लोकांचा हात तिथेच जात राहिला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते बटण काढून टाकलं आणि जगभरातून नाराजी उमटली. २०१३ मध्ये ८.१ आवृत्तीत बटण परत आलं आणि २०१५ मध्ये विंडोज १० सोबत जुन्या वळणाचा स्टार्ट मेनूही परतला. हाताला सवय झालेली जागा हलवली की माणूस किती अडतो, याचा याहून मोठा दाखला शोधायची गरज नाही.

२०२१ च्या विंडोज ११ मध्ये टास्कबारवरची चिन्हं मध्यभागी असतात. दिसायला ते छान दिसतं, पण पिन न केलेला एखादा प्रोग्राम उघडला की सगळी रांग थोडी डावीकडे सरकते आणि तिच्याबरोबर स्टार्टही सरकतं. वाटी रोज बोटभर हललेली असावी, तसं हे होतं. माझा आग्रह असा की ही रांग डावीकडे आणावी. टास्कबारच्या रिकाम्या जागी उजवं क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा आणि ‘टास्कबार बिहेवियर्स’मध्ये अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. स्टार्ट पुन्हा कोपऱ्यात येईल आणि पिन केलेल्या चिन्हांच्या जागा पक्क्या होतील.

अधूनमधून लागणाऱ्यांचं नाव लिहा

फडताळातल्या प्रोग्रामांसाठी चिन्हं शोधू नका, नाव लिहा. विंडोज की एकदा दाबून सोडा, नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करा, यादीत सर्वांत वर हवा तो प्रोग्राम दिसला की एंटर दाबा. त्या यादीत इंटरनेटवरचे शोधही मिसळलेले असतात, म्हणून एंटर दाबण्याआधी पहिल्या ओळीवर नजर टाका. ज्यांना टाइप करायचा सराव आहे त्यांना ही पद्धत फार लवकर आवडते, कारण हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही.

मराठीत टाइप करणाऱ्यांना इथे एक अडचण येते आणि तिचं कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. कीबोर्ड मराठीवर असताना नाव लिहिलं तर अक्षरं देवनागरीत उमटतात. कॅल्क्युलेटरसाठी इंग्रजी सी, ए, एल, सी या की दाबल्या तर इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत ‘मोतम’ असं दिसतं, आणि या नावाचा प्रोग्राम अर्थातच सापडत नाही. संगणक बिघडलेला नसतो. विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा आणि पुन्हा लिहा. आकड्यांच्या पद्धतीत हा अडथळा येत नाही. म्हणूनच दिवसभर मराठी मजकूर लिहिणाऱ्यांनी रोजचे प्रोग्राम टास्कबारवर ठेवणं अधिक सोयीचं.

प्रोग्राम की फाइल?

पुष्कळदा आपल्याला एक्सेल नको असतं, चालू महिन्याची वही हवी असते. मग प्रोग्राम उघडून फाइल शोधण्याऐवजी सरळ फाइलच उघडावी. टास्कबारवरच्या एक्सेलच्या चिन्हावर उजवं क्लिक केलं की अलीकडे वापरलेल्या फाइलींची यादी वर येते. एखाद्या नावावर माउस नेला की शेजारी टाचणीची खूण दिसते. ती दाबली की ती फाइल यादीत कायम राहते. ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे, तरी ती वापरणारे फार थोडे भेटतात.

डेस्कटॉप आणि आपोआप उघडणारे प्रोग्राम

डेस्कटॉप पूर्ण मोकळा करायची गरज नाही. या आठवड्यात लागणारे दोन-चार फोल्डर तिथे असावेत. विंडोज की आणि डी दाबलं की सगळ्या खिडक्या बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो, पुन्हा तेच दाबलं की खिडक्या परत येतात. ज्या चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण आहे तो शॉर्टकट असतो, म्हणजे प्रोग्रामकडे जाणारी वाट. शॉर्टकट पुसला तरी प्रोग्राम जागेवर राहतो, तेव्हा नको असलेले निर्धास्तपणे काढून टाका. बाण नसलेल्या चिन्हांना मात्र हात लावण्याआधी पाहा, ती तुमची खरी फाइल असू शकते.

संगणक सुरू होताच एखादा प्रोग्राम हमखास लागत असेल तर तो आपोआप उघडण्याचीही सोय आहे. पण बरेच प्रोग्राम न विचारता या रांगेत घुसतात आणि सकाळी संगणक रखडतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘स्टार्टअप ॲप्स’ पाहा आणि ओळखीचे पण गरज नसलेले प्रोग्राम ‘डिसेबल’ करा. जे कशाचं आहे ते कळत नाही, ते जाणत्याला विचारल्याशिवाय बदलू नका.

मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांनाही हेच तत्त्व लागू पडतं. मॅकवर डब्याचं काम डॉक करतो, आणि कमांड व स्पेसबार दाबून उघडणारा स्पॉटलाइट २००५ पासून नावाने शोध घेतो. उबुंटूमध्ये सुपर की, म्हणजे विंडोजचीच की, दाबून नाव लिहिता येतं.

माळ्यावरच्या प्रोग्रामांसाठी स्टार्ट मेनूतली सगळ्या प्रोग्रामांची यादी पुरेशी आहे. वर्षातून एकदा तिथवर जायला काही हरकत नाही.

आज यादी करा, पाच-सात चिन्हं क्रमाने लावा आणि पंधरा दिवस तो क्रम अजिबात बदलू नका. पहिले दोन-तीन दिवस आकडे आठवावे लागतील. पुढे बोटं आपणहून जातील, जशी मोहरीच्या वाटीकडे जातात. मग घरातल्या किंवा कार्यालयातल्या आणखी एकाला शेजारी बसवून त्याचाही डबा लावून द्या.