‘काही करत नाही हो तो!’

संध्याकाळी सेक्टरमधल्या बागेत एक चक्कर मारा. कुणाचा तरी मोकळा लॅब धावत येतो, लहान पोरगं किंचाळतं आणि मालक लांबूनच ओरडतो, ‘काही करत नाही हो तो!’ झालं, भांडण सुरू. तुम्ही कुणाच्या बाजूने?

कुत्र्यालाही पळायला जागा हवीच. नवी मुंबईतल्या वन बीएचकेत ती कुठून आणणार? प्राणी कल्याण मंडळही सांगतं, सोसायटीने बाग सरसकट बंद करू नये. हवं तर वेळा ठरवाव्यात. पण घाबरलेल्या पोराला ‘तो चावत नाही’ हे कळणार कसं? कायदा मालकालाच जबाबदार धरतो. पाळीव प्राण्यापासून इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि कुत्रा चावलाच, तर वाद नंतर घाला. आधी जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा, लगेच लशीसाठी दवाखाना गाठा.

तुमचा टॉमी खरंच गुणी असेल. पण हे समोरच्याला ठाऊक नसतं. तेवढ्यासाठी पट्टा हातात ठेवा की!