खुब्याचं ऑपरेशन झालं, पण आजी खाटेवरून उठतच नाहीत?

पावसाळ्यात मोरीत किंवा अंगणात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं म्हातारं माणूस बहुतेक गावांत सापडतं. रॉड टाकतात किंवा गोळा बदलतात. टाके निघतात, एक्स-रे चांगला येतो. तरी महिनाभरानं आजी खाटेवरच. घरचे म्हणतात, आळस भरलाय. पुष्कळदा तो आळस नसतो.

सुरुवात दवाखान्यातच होऊ शकते. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पेशंट असंबद्ध बडबडतो, सलाईन ओढतो, वारलेल्या माणसाला हाका मारतो. मग कोणीतरी अंगारा आणायला पळतं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे, बाधा तर नव्हेच. लघवी तुंबणं, जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, वेदना, काही औषधं, झोपमोड यांमुळे मेंदू तात्पुरता गोंधळतो. रोजची दारू एकदम बंद झाली तरी असं होतं, म्हणून ती सवय डॉक्टरांपासून लपवू नका. लगेच सिस्टरना सांगा. चष्मा, कानाचं मशीन लावून द्या, ओळखीचं माणूस उशाशी बसवा. बहुतेकांचं काही दिवसांत, काहींचं काही आठवड्यांत उतरतं. आणि एक, नेहमी बोलणारं माणूस अचानक गप्प, सुस्त पडलं तर तोही डिलिरियम असू शकतो. "शांत झोपलेत" म्हणून सोडू नका.

घरी आल्यावर भीती बसते, पुन्हा पडले तर? डॉक्टर तर बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. पडून राहिलं की मांडीची ताकद जाते, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. यात आपलाही हात असतो. "तुम्ही बसा, मी पाणी आणते" हे प्रेमानंच म्हणतो आपण. त्याऐवजी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं, दुखण्याच्या गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासानं, हात धरून चालवा. आज खाटेपासून दारापर्यंत, उद्या ओट्यापर्यंत.

तिसरी गोष्ट उदासी. आजी "मी उदास आहे" म्हणत नाहीत, "कशात जीव लागत नाही" म्हणतात. जेवण तुटतं, पहाटे तीनला जाग येते. अशा वेळी ऑपरेशनला किती पैसे गेले, कोणाकडून उसने आणले, हा हिशेब खाटेजवळ बसून करू नका. त्यांना सगळं ऐकू जातं.

दोन आठवडे असंच राहिलं तर हाडाच्या डॉक्टरांनाच सांगा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. उदासीच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मधेच बंद करू नका. "मला जगायचं नाही" असं बोलल्या तर एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर 14416 आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पेशंट बोलायला तयार नसेल तर घरच्या माणसानं लावला तरी चालतो.