शब्दाचे शेपूट

इंग्रजी शब्द नुसता कोशात पाहून भागत नाही. त्याचे व्याकरणही पाहावे लागते. ‘एम्प्लॉय’ म्हणजे कामावर ठेवणे. पुढे ‘अर’ लागला की तो ठेवणारा मालक, ‘ई’ लागला की ठेवलेला कामगार. मूळ एकच, कर्ता कोण नि कर्म कोण, हे शेपूट सांगते.

‘ले’ म्हणजे ठेवणे, ‘ऑफ’ म्हणजे दूर. दोन्ही जोडून ‘ले-ऑफ’ हे नाम झाले. अमेरिकेत त्याचा अर्थ बहुधा नोकरी गेली असा घेतात. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली व्याख्या आली ती निराळी : कोळसा, वीज, कच्चा माल यांच्या टंचाईसारख्या कारणांनी हजेरीपटावरील कामगाराला काम न देणे. म्हणजे नोकरी शाबूत. पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हेच ठेवले आहे.

हा भेद न कळणारा माणूस हक्काची भरपाई सोडून गावी निघून जाईल. म्हणून सास्तीच्या खाणीत काय किंवा राजुऱ्याच्या दुकानात काय, इंग्रजी नोटीस हाती आली तर शब्दाचा अर्थ विचारा, तो तिथे कोणाविषयी काय सांगतो हेही विचारा. मगच सही करा.