लस आणि विषाणूवरील शर्करेचे आवरण

ज्येष्ठ वद्य पक्षात श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघून विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येते. पावसाळी हवा व दाट गर्दी यांमुळे फ्ल्यूचा ताप पसरण्यास हे दिवस अनुकूल असतात. या रोगाची लस दरवर्षी का टोचावी व ती कधी कधी उणी का पडते, हे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

फ्ल्यूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे खुंट असतात. लसीमुळे शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये हे खुंट ओळखून विषाणूस निकामी करतात. परंतु विषाणू ज्या पेशीत वाढतो, ती पेशी या खुंटांवर शर्करेच्या साखळ्या जोडते. बाजरीच्या कणसावर कुसळे असली म्हणजे पाखरांस दाणा टिपणे कठीण जाते. त्याचप्रमाणे या साखळ्यांआड खुंटाचा भाग झाकला जातो व प्रतिद्रव्यांस तो गवसत नाही.

फ्ल्यूच्या पुष्कळशा लसी कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवून तयार होतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली आणलेली स्वाइन फ्ल्यूची नाकावाटे घ्यावयाची लसही अशीच होती. मात्र अंड्यात जोमाने वाढताना विषाणूत बदल घडतात. एच३एन२ जातीच्या विषाणूने २०१४ च्या सुमारास एका नव्या जागी शर्करा धारण केली होती. अंड्यात वाढविलेल्या लसीच्या विषाणूने मात्र ती गमावली. त्यामुळे निर्माण झालेली प्रतिद्रव्ये प्रचलित विषाणूस नीट ओळखू शकली नाहीत, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले. कीटकांच्या पेशींत बनविलेल्या प्रथिनाच्या लसीत त्या जागची शर्करा टिकली होती व तिची प्रतिद्रव्ये अधिक उपयोगी ठरली.

सीरम इन्स्टिट्यूटची कोव्होव्हॅक्स ही कोरोनाची लसही कीटकांच्या पेशींत बनविलेल्या प्रथिनाची असून, २०२१ साली तिला मान्यता मिळाली. कोरोना विषाणूच्या प्रत्येक खुंट-प्रथिनावर शर्करा जोडली जाण्याच्या २२ जागा आहेत. कोणती जागा झाकलेली व कोणती उघडी, हे जाणूनच लसीची आखणी करावी लागते.

लस कधी उणी पडते म्हणून ती टाळणे मात्र हिताचे नाही. पूर्ण संरक्षण न मिळाले तरी दुखणे गंभीर होण्याचा धोका तिने कमी होतो. वृद्ध, गरोदर स्त्रिया व जुनाट विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती टोचून घ्यावी.